जुळ्यांचा वाटा



व्याख्यानमालेची मंडळी निमंत्रण घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा मी यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयावर मी गेली तीस वर्षे कारखान्याच्या दारात, चौकात आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत बोलत आलो आहे. माझे ते भाषण आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल. म्हणून मी म्हटले, यंदा मला जुळ्या भावंडांवर बोलू द्या. मंडळी चमकली. एकाने विचारले, "हा विषय डॉक्टरांचा नव्हे काय?" मी म्हणालो, "डॉक्टरांचा संबंध पहिल्या महिना-दोन महिन्यांचा. पुढची साठ-सत्तर वर्षे ती गोष्ट आईबापांची, मास्तरांची आणि त्या दोघांची असते."

माझा अधिकार एवढाच की, मी स्वतः जुळ्यातला आहे आणि जुळ्यांचा बापही आहे. माझी शाळा सातवीत संपली. पुढचे जे काही शिकलो, ते नगरवाचनालयाच्या बाकावर, रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी. तेव्हा एखादा शास्त्रीय शब्द चुकला तर सभेत जे डॉक्टर बसले असतील त्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम थोडे शास्त्र. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच फलित बीजाचे पहिल्या काही दिवसांत दोन भाग झाले, तर एकसारखी जुळी होतात. ती दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली असतात. आईची दोन वेगवेगळी बीजे एकाच वेळी फलित झाली, तर होणारी जुळी ही नात्याने साध्या सख्ख्या भावंडांसारखीच. फक्त त्यांनी एकाच वेळी जागा धरलेली असते. एकसारख्या जुळ्यांचे प्रमाण जगात बहुतेक सगळीकडे हजार बाळंतपणांत तीन ते चार असे आढळते. दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण मात्र देशोदेशी बदलते. आमच्या आईने जोडकेळे खाल्ले म्हणून आम्ही दोघे झालो, असे आमची आजी मरेपर्यंत सांगत होती. त्या केळ्याचा दोष आईने जन्मभर ऐकला. केळ्याचा त्यात काही संबंध नव्हता, हे मला वाचून कळले तेव्हा आई राहिली नव्हती.

मी आणि माझा भाऊ पहिल्या प्रकारचे. जन्म १९७० सालचा, परळच्या चाळीतला. मी अकरा मिनिटे आधी आलो. सुईणीने घड्याळ पाहून सांगितले आणि ती अकरा मिनिटे माझ्या कपाळी लिहिली गेली. मी थोरला, तो धाकटा. चाळीत आम्हांला नावाने कोणी हाक मारीत नसे; "ए जुळे" अशी एकच हाक दोघांना पुरे. सदरे एका तागाचे. पाटी एक, कारण "दोघे एकाच वर्गात तर आहेत". मास्तर एकाला छडी मारायचे आणि चूक दुसऱ्याची निघायची. त्या गमतीही आम्ही पुष्कळ केल्या, नाही असे नाही. पण पाहुणा घरात आला की आमच्याकडे आळीपाळीने बघून पहिला प्रश्न विचारी, "ह्यातला हुशार कोणता?" दोन साध्या भावांना हा प्रश्न कोणी तोंडावर विचारीत नाही. जुळ्यांना मात्र बाजारात दोन वांगी हातात घेऊन पारखावी तसे पारखले जाते.

वडील एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या संपाचा इतिहास सांगण्याची ही जागा नव्हे; तो रीतसर मागे घेतला गेला नाही आणि हजारो कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही, एवढे म्हटले म्हणजे पुरे. त्या हजारांत आमचे वडील होते. पहिल्या वर्षी आईची डोरली गेली, मग भांडी गेली. १९८३च्या मे महिन्यात खोलीला कुलूप लावून आम्ही पंचगंगेकाठी आमच्या गावी आलो. आम्ही दोघे नुकतेच सातवी पास झालो होतो. हायस्कूल तालुक्याच्या गावी. रोजचे एस. टी.चे भाडे, फी, पुस्तके, सदरा आणि चड्डी. हे एका मुलाचे जमत होते. दोघांचे जमत नव्हते.

मामा इचलकरंजीला मागावर होते. एका मुलाला त्यांनी कांड्या भरायला लावून घ्यायचे ठरले. कोणत्या? आमचे गुण जवळजवळ सारखे होते. रात्री कंदिलाच्या उजेडात वडील बराच वेळ आमच्याकडे बघत बसले. मग आई म्हणाली, "थोरल्या, तू जरा सोस." झाले. अकरा मिनिटांनी निकाल दिला. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात ठेवू नये, असे तेव्हा लागू असलेला १९४८चा कारखाना कायदा म्हणत असे. पण आमच्या बारा मागांच्या शेडमध्ये तो कायदा कधी शिरला नव्हता. मी तेरा वर्षांचा होतो. शनिवारी हप्ता मिळे, तो मामा गावी पाठवीत आणि त्यातून धाकट्याची वह्या-पुस्तके येत.

पुढे कित्येक वर्षांनी वाचनालयात मला एक माहिती मिळाली. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात योरुबा म्हणून समाज आहे. जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या समाजांत त्याची गणना होते. तेथे पहिल्या जन्मलेल्याला तैवो म्हणतात आणि दुसऱ्याला केहिंदे. पण त्यांच्या समजुतीप्रमाणे थोरला असतो तो केहिंदे, दुसरा! जग राहण्याजोगे आहे की नाही ते पाहून ये, म्हणून तो धाकट्याला पुढे धाडतो. मी ते पुस्तक मिटून बराच वेळ हसत बसलो. तेथे जन्मलो असतो तर मी धाकटा ठरलो असतो आणि शाळेत गेलो असतो. मंडळी, ज्या नियमावर एका मुलाचे आयुष्य इकडचे तिकडे होते, तो नियम समुद्र ओलांडला की उलटा होतो. मग त्याला नियम कसला म्हणायचा? ती एक सोय आहे. पैसा अपुरा असला की घर असली सोय शोधते. कुठे थोरलेपणाची, कुठे मुलगा-मुलीची, कुठे गोऱ्या-काळ्या रंगाची.

भाऊ शिकला. पदविका घेऊन एका सरकारी खात्यात अभियंता झाला. मी मागावर राहिलो; पुढे युनियनच्या कामात पडलो. मी समतेवर भाषणे करीत होतो आणि सख्ख्या भावाशी माझे दहा वर्षे धड बोलणे नव्हते, हे मी आज आपल्यापुढे कबूल करतो. तो सुटीला आला की मी मोर्चाचे निमित्त काढी. त्याच्या अंगावरचा इस्त्रीचा सदरा पाहिला की मला वाटे, हा आरशात उभा असलेला मीच आहे. फक्त आरशापलीकडच्याला कोणी शाळेत पाठवले आहे.

आता बापाची बाजू. १९९९ साली आमच्या घरी जुळे झाले, एक मुलगी आणि एक मुलगा. लोक म्हणाले, "तुमच्या घराण्यातच आहे." शास्त्र तसे म्हणत नाही. एकसारखी जुळी सहसा वंशपरंपरेने येत नाहीत. दुसऱ्या प्रकारचा कल येतो तो बाळाच्या आईकडून, बापाकडून नव्हे. तेव्हा श्रेय असलेच तर ते आमच्या मंडळींचे आणि त्यांच्या माहेरचे.

मुलीचे वजन दोन किलो दोनशे, मुलाचे एक किलो नऊशे. अडीच किलोंच्या खालचे मूल कमी वजनाचे धरतात. जुळी बहुधा दिवस पुरे होण्याआधीच येतात, म्हणून हे नेहमीचे. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी सांगितले की, लहान बाळ उघड्या छातीशी धरा, त्याला ऊब तिथेच मिळते. ही पद्धत दक्षिण अमेरिकेत, कोलंबियाच्या बोगोटा शहरात, १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तेथे काचेच्या पेट्या पुऱ्या पडत नव्हत्या. गरिबीतून निघालेली युक्ती पुढे जगाने उचलली. आईची छाती एक आणि बाळे दोन. म्हणून दुसरे माझ्या छातीशी आले. मागवाला गडी सदरा काढून बाळ पोटाशी बांधून बसला आहे, हे पाहायला गल्लीतली माणसे येत आणि हसत. हसोत बापडी. मुलाचे वजन वाढले.

रात्री दोघे रडत, आणि कोणाला पाजले, कोणाला नाही याचा घोळ होई. तेव्हा मी माझी विद्या वापरली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रकाने आखून हजेरीपट मांडला. कोण केव्हा प्यायले, किती वेळ प्यायले, सगळे त्यात. आठ दिवसांत दिसून आले की, जे जोरात रडते त्याला जास्त मिळते आणि जे गप्प पडून राहते त्याचा पाळा चुकतो. कारखान्यात याहून वेगळे काय असते? गप्प पडणारे मूल सुखी आहे असे आपण धरून चालतो. ते बहुधा अशक्त असते.

येथे कायद्याचाही एक दाखला देतो. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात दोन अपत्यांची अट आली, तेव्हा तिला स्पष्टीकरण जोडले गेले. एक अपत्य असलेल्या जोडप्याला पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुले झाली तरी ती एकच धरावीत, असा त्याचा अर्थ. तेवढ्यापुरते ते न्याय्यच आहे. जुळे झाले म्हणून कोणाची उमेदवारी जाऊ नये. पण हीच नजर इतर ठिकाणीही आहे. २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. ती बाळंतपणावर मोजली गेली, मुलांवर नाही. एका मुलाला सव्वीस आठवडे, आणि दोघांनाही मिळून सव्वीसच. आमच्या मंडळी घरी बसून सुताची गुंडाळणी करीत, त्यामुळे त्यांना ना बारा मिळाले ना सव्वीस. आणि गंमत पाहा, एकसारख्या जुळ्यांच्याही बोटांचे ठसे वेगळे असतात. आधारच्या यंत्रावर मी आणि भावाने अंगठा ठेवला तेव्हा त्या यंत्राने निमूटपणे आम्हांला दोन माणसे मानले. जे यंत्राला कळते ते माणसाला कळायला वेळ लागतो.

२००५ साली मुले शाळेत गेली. मुलगा बोलतच नसे. बाईंनी काही विचारले की शेजारून त्याची बहीण उत्तर देई: "त्याला पाणी पाहिजे", "त्याला येतं ते". घरी दोघांची एक वेगळीच भाषा होती. अर्धे शब्द, अर्ध्या खुणा. आम्हांला तिचे कौतुक वाटे. तेव्हा माझ्या वाचनात रशियातले मानसशास्त्रज्ञ लुरिया आणि त्यांच्या सहकारी युदोविच यांचा प्रयोग आला. १९५०च्या दशकात त्यांनी तो प्रसिद्ध केला. पाच वर्षांची दोन जुळी मुले सतत एकमेकांतच असत. त्यांचे बोलणे फार मागे राहिले होते. त्यांना बालवाडीच्या दोन वेगळ्या गटांत घातले. इतर मुलांशी बोलल्याशिवाय भागेना, तेव्हा काही महिन्यांतच दोघांची भाषा झपाट्याने सुधारली आणि भाषेबरोबर त्यांचा खेळ आणि विचारही सुधारला. ज्याला मनातले न बोलता कळणारा सोबती मिळतो, त्याला बोलण्याची गरज पडत नाही, असा त्यातला इंगित अर्थ.

मी हेडमास्तरांना भेटून मुलांना दोन तुकड्यांत घालून घेतले. दिवाळीपर्यंत मुलगा बोलू लागला. पण मुलगी पंधरा दिवस रडली, जेवेना. तिचे काम गेले होते ना! म्हणून मी असे म्हणत नाही की, प्रत्येक जुळ्याला वेगळे करा. इंग्लंडमध्ये पुढे जे अभ्यास झाले त्यांत असेही दिसले की, फार लवकर वेगळी केलेली काही मुले मनाने कोमेजतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २००५ साली कायदाच केला की, जुळ्यांना एका वर्गात ठेवायचे की दोन, यात पालकांचे म्हणणे धरावे. मला हा विचार पटतो. नियमाकडे बघून ठरवू नका, त्या दोन मुलांकडे बघून ठरवा.

आता त्या जुन्या प्रश्नाकडे येतो: "ह्यातला हुशार कोणता?" हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला आहे. १८७५ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी जुळ्यांवरून आनुवंशिकतेचा माग काढण्याची कल्पना मांडली. पुढे लंडनचे सिरिल बर्ट यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचे आकडे प्रसिद्ध केले. बुद्धी मुख्यतः जन्मजात असते, असे ते दाखवीत. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांच्या शाळा कायमच्या वेगळ्या करण्याची जी पद्धत तिकडे होती, तिला असल्या मतांचा मोठा आधार होता. १९७१ साली बर्ट वारले. मग लिओन कामिन यांच्यासारख्यांनी त्यांचे आकडे तपासले. जोड्या एकवीस होत्या तेव्हा जो साम्याचा आकडा आला, तोच जोड्या त्रेपन्न झाल्यावरही, दशांशचिन्हापुढच्या तिसऱ्या घरापर्यंत तंतोतंत आला होता. ज्याने आयुष्यात एकदा तरी हिशेबाची वही तपासली आहे, त्याला यातले पाणी कळेल. पुढे काहींनी बर्ट यांची बाजूही मांडली. पण त्या आकड्यांवरचा विश्वास गेला तो गेलाच.

याचा अर्थ रक्तातून काही येत नाही असा नव्हे. खूप येते. पण २००३ साली अमेरिकेत सात वर्षांच्या जुळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की, सुस्थितीतल्या घरांत मुलांच्या बुद्धिमापनातला फरक बराचसा आनुवंशिकतेने उलगडतो. गरीब घरांत मात्र तो जवळजवळ सगळा परिस्थितीने उलगडतो. सगळ्या देशांत असाच निष्कर्ष निघाला असे नाही. पण शेतकऱ्याला ह्यात नवल वाटणार नाही. पाणी भरपूर असले की कोणते बियाणे उंच जाते आणि कोणते बुटके राहते ते कळते. दुष्काळात सगळेच पीक गुडघ्याएवढे. त्या दुष्काळातल्या पिकाकडे बघून बियाण्याला नावे ठेवू नयेत.

एवढे सगळे वाचूनही मी काय केले ते ऐका. २०१५ साली दोघे दहावी झाली. शास्त्र शाखा, कोल्हापूरचे खासगी क्लास. एकाचीच फी भरण्याइतके पैसे होते. मी रात्री वही घेऊन बसलो आणि अगदी सहज, मनात कसलाही वाद न होता, मुलाचे नाव लिहिले. मुलीला गावातल्या कॉलेजात आर्ट्‌सला घालावे असे ठरवून टाकले. मंडळींनी वही पाहिली. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या वेळी अकरा मिनिटांनी ठरवलं म्हणून जन्मभर कुढलात. आता पोरगा-पोरगीवरनं ठरवताय व्हय?" मी वही मिटली. त्या रात्री मला माझे वडील कंदिलाच्या उजेडात दिसले, आणि प्रथमच त्यांचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही मुलांना समोर बसवून विचारले. हे आधीच करायला हवे होते. मुलाला शास्त्र नकोच होते, त्याला आय. टी. आय.त विजेचे काम शिकायचे होते. मुलीला औषधशास्त्र हवे होते. पतपेढीचे कर्ज काढले. मुलगी आज फार्मासिस्ट आहे, मुलगा वायरमन आहे. गोष्ट येथे गोड संपली असे समजू नका. एका दिवाळीला मुलाने कागदावर हिशेब मांडला: तिच्यावर इतके खर्च झाले, माझ्यावर इतके. "बाबा, माझ्या वाट्याचं काय?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच्या दुकानाच्या हत्यारांसाठी आम्ही पुन्हा पतपेढीत गेलो. तो हिशेब अजून पुरा फिटलेला नाही. पण तो मांडता येतो, उघडपणे, समोरासमोर. आमच्या वेळी तो मांडायचीच सोय नव्हती.

त्याच सुमारास मी भावाकडे गेलो. बसलो, चहा झाला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "परीक्षेचा पेपर हातात आला की मला वाटायचं, मी दोघांचा पेपर एकटा लिहितोय. नापास व्हायची मला सोय नव्हती. शनिवारी तुझे पैसे यायचे, त्या रात्री मला झोप येत नसे." तीस वर्षे मला वाटत होते की, वाटा एकाला मिळाला आणि दुसऱ्याचा बुडाला. तसे नव्हते. एकच वाटा दोघांत फाडला होता. माझ्या हातात शाळेविना बालपण आले आणि त्याच्या हातात बालपणाविना शाळा.

बंधुभगिनींनो, युनियनमध्ये आम्ही "सर्वांना समान" अशी घोषणा देतो. जुळ्यांनी मला तिचा अर्थ शिकवला. समान म्हणजे सारखे नव्हे. एका तागाचे दोन सदरे शिवले की समता झाली असे होत नाही. आणि एका मुलाचा वाटा दोघांत वाटून देणे ही तर समता मुळीच नव्हे. प्रत्येक मुलाला पुरा वाटा हवा, आणि तो कशाचा हवा हे त्या मुलाला विचारून द्यायला हवे. घराची ऐपत एकाच मुलापुरती असेल, तर दुसऱ्या मुलाचा वाटा कोणी द्यायचा? शिक्षणहक्काचा २००९चा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला हात देतो. आमच्या घरात तर प्रश्न तेराव्या वर्षी उभा राहिला आणि पुढच्या पिढीत सोळाव्या. चौदाव्या वर्षाच्या पुढे काय, हा प्रश्न घराने कंदिलाच्या उजेडात एकट्याने सोडवायचा नसतो. तो गावाने आणि सरकारने आपल्या डोक्यावर घ्यायचा असतो.

तोपर्यंत माझी एक लहानशी विनंती आहे. तुमच्या शेजारी जुळे असेल तर त्यांतल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारा. आणि "ह्यातला हुशार कोणता?" असे कोणी विचारले, तर सांगा: "दोघांनाही शिकवून बघा, मग कळेल."